कागद कशाचा आहे ते नंतर, आधी बघा मागायला कोण येणार

ताई, घरातल्या कागदांच्या ढिगांचं काय करायचं हा तुमचा प्रश्न वाचला. नाशिकला इंदिरानगरमध्ये टू बीएचके, सासरे सहा महिन्यांपूर्वी गेले, त्यांच्या कागदांच्या दोन रेक्झिनच्या बॅगा, माळ्यावर जुन्या वाड्यातून आणलेली एक पत्र्याची ट्रंक, फ्रीजवर आणि टीव्हीखालच्या खणात बिलांचे ढीग, मुलगा अकरावीला, मिस्टर म्हणतात सगळं एकदाचं रद्दीत घाला आणि सासूबाई म्हणतात एक चिटोरं टाकायचं नाही. तुम्ही मधल्यामध्ये अडकलाय. असं घर मला नवीन नाही, दर महिन्याला एक तरी बघते.

मी ३१ वर्षं महसूल खात्यात काढली, त्यातली शेवटची नऊ अभिलेख कक्षात, म्हणजे लोक ज्याला रेकॉर्ड रूम म्हणतात तिथे. रिटायर झाल्यावर ओळखीतल्या एकीचं घर लावून दिलं, तिथून दुसरं, असं करत आता कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत बऱ्याच घरांतले माळे मी उतरवलेत. तुम्हाला जरा सविस्तरच सांगते कारण यात घाई केली की जे जातं ते परत येत नाही.

आधी एक सांगते, मिस्टरांचंही बरोबर आहे आणि सासूबाईंचंही. दोघं वेगवेगळ्या कागदांबद्दल बोलतायत एवढंच. मिस्टरांच्या डोळ्यासमोर फ्रीजवरचा ढीग आहे, त्यातला नव्वद टक्के खरंच जायचाय. सासूबाईंच्या डोळ्यासमोर ट्रंक आहे आणि ट्रंकेतलं बरंचसं राहायचंय. भांडण मिटवायचं तर दोन्ही ढीग एकत्र करू नका, ते वेगळे दिवस, वेगळं काम.

आता मूळ मुद्दा. रामकुंडावर किंवा त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे कधी नामावळी बघितलीय का? लांबट वह्या, पिढ्यानपिढ्यांच्या. माणूस येतो, आडनाव सांगतो, मूळ गाव सांगतो, आणि गुरुजी थोड्या वेळात त्याच्या पणजोबाची सही काढून दाखवतात. कसं जमतं? कारण त्या वह्या यजमान काय सांगत येणार ते धरून लावलेल्या आहेत. तो तारीख सांगत येत नाही, आडनाव आणि गाव सांगत येतो, म्हणून वह्या आडनाव आणि गावाप्रमाणे. आपण घरी नेमकं उलटं करतो, कागद दिसायला कसा आहे त्यावर लावतो, पिवळे लिफाफे एकीकडे, लांब कागद एकीकडे, पासबुकं एका पिशवीत, आणि बँकेतला माणूस जेव्हा विचारतो की घराची सगळी कागदपत्रं आणा तेव्हा पाच पिशव्या उपसाव्या लागतात.

तर कागद हातात आला की मी दोनच गोष्टी विचारते. हा पुढे कोण मागणार? आणि हरवला तर परत मिळतो का, कितीशा कष्टानं? कोणीच मागणार नसेल तर तो गेला. मागणार आहेत पण पंधरा रुपयात पुन्हा निघतो, तर त्याची एकच प्रत पुरे. सातबाराचं उदाहरण घ्या, डिजिटल सहीचा सातबारा आता महाभूमीच्या साइटवर १५ रुपयात मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो, तरी लोकांकडे तलाठ्याकडून वेळोवेळी काढलेल्या तीस तीस झेरॉक्स असतात. (जुने हस्तलिखित सातबारे मात्र ठेवा, त्यातल्या फेरफार नंबरांवरून, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदींवरून, जमीन कशी कशी आली ते कळतं.) आणि मागणार आहेत आणि परत मिळतच नाही असा कागद, त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

मग फाइली कशा करायच्या तर मागणाऱ्याप्रमाणे. घरातल्या प्रत्येक माणसाची एक, कारण कॉलेज, पासपोर्टवाले, दवाखाना हे माणसाचे कागद मागतात. घराची एक, कारण बँक, सोसायटी आणि उद्या विकायला काढलं तर घेणाऱ्याचा वकील हे घराचे मागतात. सीएला द्यायची एक. गाडीची एक. बास. पेन्शनचं काही असेल तर ते सासूबाईंच्या फाइलीत, कारण फॅमिली पेन्शन त्यांच्या नावावर होणार, पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरचा नंबर, त्यांनाच विचारणार आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला त्याच देणार. मुलाची फाइल अशी करा की उद्या तो होस्टेलला गेला तर ती उचलून घेऊन जाईल.

हे झालं ठेवायच्या कागदांचं. पण रोज येणारे कागद थांबवल्याशिवाय ढीग पुन्हा होतोच. इथे मी आमच्या ऑफिसातली सहा गठ्ठे पद्धत घरात आणलीय. महसूल खात्यात ही फार जुनी, इंग्रजांच्या काळापासूनची. टेबलावर एकच ढीग ठेवायचा नाही, सहा करायचे: ज्यावर आपण काम करायचंय ती प्रलंबित, ज्यावर दुसऱ्याकडून उत्तर यायचंय ती प्रतीक्षाधीन, ठराविक काळाने येणारी नियतकालिकं, सतत लागणारी स्थायी आदेश संचिका, रेकॉर्डला पाठवायची, आणि नष्ट करायची. घरात सहा ढीग कोणी ठेवत नाही, मीही ठेवत नाही, पण पहिले दोन वेगळे करणं ही जी गोष्ट आहे ना तिनं निम्मं काम होतं. कारण ढीग साचतो तो आळसामुळे नाही. मेडिक्लेमचा फॉर्म पाठवलाय आणि पैसे यायचेत, तो कागद फाइलीत पण घालवत नाही आणि टाकवतही नाही म्हणून तो फ्रीजवर बसतो, मग त्याच्यावर वीजबिल, त्याच्यावर शाळेची नोटीस, आणि मग खालचं कोणाला दिसतच नाही. त्याला स्वतःची जागा द्या. भिंतीवर दोन खिशांचं कापडी कपाटही चालतं, एक खिसा आपण करायचं, दुसरा खिसा त्यांच्याकडून यायचं. दुसऱ्या खिशात जाणाऱ्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दोन तारखा, कधी दिला आणि कधी विचारायचं. १२/६ दिला, ५/७ विचारणे. शनिवारी चहा घेता घेता दोन्ही खिसे बघायचे, पंधरा मिनिटं लागतात.

आमच्याकडे रेकॉर्डला वर्गही असतात. अ म्हणजे कायमचा, ब म्हणजे तीस वर्षं, क एक म्हणजे दहा, क म्हणजे पाच, आणि ड म्हणजे वर्षभरात नष्ट करायचा. मी घरच्या कागदावर सुद्धा कोपऱ्यात बारीक अ किंवा ड लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी तोच निर्णय परत घ्यावा लागत नाही, नाहीतर दर दिवाळीला आपण तेच वॉरंटी कार्ड हातात घेऊन तोच विचार करत बसतो.

आता सासऱ्यांच्या बॅगा. ताई, या वर्षभर तरी रद्दीत घालायच्या नाहीत, हे मिस्टरांना माझ्या नावानं सांगा. माणूस गेल्यावर पहिल्या वर्षात कुठला कागद कोण मागेल सांगता येत नाही. मृत्यूचे दाखले जास्तीचे घेऊन ठेवा, मी दहा सांगते, कारण बऱ्याच ठिकाणी मूळ बघायला मागतात आणि काही ठिकाणी ठेवून घेतात. जमीन असेल तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यात द्यायचा असतो, तुमचे सहा झालेत, तर राहिला असेल तर आता तलाठ्याकडे देऊन टाका. मग दोन्ही बॅगा जमिनीवर जुनी चादर टाकून त्यावर रिकाम्या करा आणि प्रत्येक लिफाफा, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, आत बोट घालून बघा. त्या पिढीच्या माणसांनी महत्त्वाचं काहीतरी भलत्याच पाकिटात ठेवलेलं असतं कारण त्यांना ते चोरापासून लपवायचं असतं. गंगापूर रोडच्या एका घरी मला लग्नपत्रिकेच्या लिफाफ्यात पोस्टाची मुदत ठेव सापडली, मुदत संपून अकरा वर्षं झालेली, आणि त्या आजींना त्याचा पत्ताच नव्हता.

बँकेची जुनी पासबुकं सापडली आणि खातं चालू आहे का बंद ते कळत नसेल तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं, त्यावर नाव घालून पडून राहिलेल्या ठेवी शोधता येतात. दहा वर्षं हात न लागलेल्या खात्याचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात पण वारसाला मागता येतात, बँकेकडेच अर्ज करायचा. तसंच शेअर सर्टिफिकेट. १९९० च्या आसपास नोकरदारांनी पब्लिक इश्यूत फॉर्म भरून घेतलेले कागदी शेअर्स असतात बऱ्याच घरांत, आणि लोक म्हणतात कंपनी बुडाली असेल. कधी कधी कंपनी नाव बदलून चांगली चालू असते. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात, आणि सात वर्षं सलग डिव्हिडंड घेतला नसेल तर ते आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदारांसाठीच्या सरकारी फंडाकडे गेलेले असू शकतात, तिथूनही वारसाला मिळतात. वेळ लागतो, कागद लागतात, पण मिळतात. म्हणून सर्टिफिकेट हे अ.

मुलगा अकरावीला आहे म्हणून पुढचं खास लिहिते. तुमची जात आरक्षणात येत असेल किंवा नसेल, तुमच्या ओळखीत कोणाच्या तरी उपयोगी पडेल. जात वैधता प्रमाणपत्राला वडिलांकडच्या नात्यातला जुना पुरावा लागतो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० च्या. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, पणजोबांच्या जन्म मृत्यूची कोतवाल बुकातली नोंद, असलं काहीतरी. सातपूरच्या एका घरी मुलाचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन तोंडावर, आजोबांच्या गावच्या शाळेत विचारलं तर रजिस्टर पावसात भिजून त्या वर्षाची पानं चिकटलेली, काही वाचता येईना. मुलाची आई रडकुंडीला आलेली. आम्ही तीन दिवस घरातले कागद बघत होतो आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, वीजबिलांची एक दोऱ्यानं बांधलेली गड्डी होती १९८४-८५ ची, ती मी सोडली तर मधोमध चौघडी केलेला कागद. चौथीचा दाखला, १९५८ चा, घडीवर विरलेला, पण जातीचा रकाना आणि हेडमास्तरांची सही स्वच्छ. ती गड्डी त्या घरातून गेल्या दिवाळीत रद्दीत जाता जाता राहिली होती, कारण रद्दीवाला त्या दिवशी आला नव्हता. तेव्हापासून मी गड्डी न सोडता काहीही टाकू देत नाही, वरचा कागद बघून खालच्यांचा अंदाज करायचा नाही.

आता टाकायचं काय, कारण ठेवा ठेवा ऐकून मिस्टर वैतागले असतील. वीजबिलं, शेवटच्या वर्षभराची पुरेत, मागची महावितरणच्या साइटवर दिसतात, पण मीटर घेतला तेव्हाची डिपॉझिटची पावती ठेवायची. घरपट्टीची पावती वर्षाला एक येते, सगळ्या ठेवा, थकबाकीचा वाद कधी निघेल सांगता येत नाही आणि वीस वर्षांच्या वीस पावत्यांना जागा ती किती लागणार. वॉरंटी कार्ड, ती वस्तू घरात नसेल तर आजच गेलं. माहितीपुस्तिका सगळ्या नेटवर असतात, गेल्या. एटीएमच्या स्लिपा, मॉलची बिलं, गॅसच्या सिलिंडरच्या पावत्या, टूरवाल्यांची माहितीपत्रकं, विम्याची नुसती जाहिरात असलेली पत्रं, जुन्या मुदत संपलेल्या गाडीच्या पॉलिसी, पीयूसी, सगळं ड. शाळेच्या वह्या त्या इयत्तेचा निकाल लागला की गेल्या, चित्रकलेच्या चार-पाच पानांचं काय करायचं ते मुलालाच निवडू द्या, आपण निवडलं की सगळीच राहतात. दवाखान्याचं जरा जपून, डिस्चार्ज कार्ड कधीच टाकायचं नाही, ऑपरेशनचे कागद, ॲलर्जीची नोंद, लसीकरणाचं कार्ड हेही नाही, पण औषधांची बिलं क्लेम मिळाला की कामाची नाहीत. इन्कम टॅक्सचं रिटर्न आणि त्याचे पुरावे मी आठ वर्षं ठेवायला सांगते. कायद्यात आता साधारण प्रकरणाला असेसमेंट वर्ष, म्हणजे कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष, संपल्यापासून सव्वातीन वर्षं आणि मोठ्या रकमेच्या प्रकरणाला सव्वापाच वर्षं नोटीस येऊ शकते असं आहे, आठ धरली की शांत झोप.

घराच्या फाइलीवर थोडं थांबते कारण नुकसान मोठं होतं ते इथे. खरेदीखत, इंडेक्स टू म्हणजे नोंदणी कार्यालयाचा त्या व्यवहाराचा गोषवारा, आधीच्या मालकांची खरेदीखतं म्हणजे साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ही एकत्र. लोन होतं का? फिटलं असेल तर मूळ कागद बँकेकडून आणले का ते आजच बघा. मी अशा घरी गेलेय जिथे लोन फिटून चार वर्षं झाली, सगळ्यांना वाटतंय कागद कपाटात आहेत, आणि कपाटात झेरॉक्स. १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे, कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. आणताना यादीशी ताडून घ्या, पानं मोजून घ्या. आणि घराला जी भर घातली, जास्तीची खोली, ग्रिल, मोठं फर्निचर नाही पण कायमचं बांधकाम, त्याची बिलं घर विकेपर्यंत ठेवायची, विकताना कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीतला नफा, काढायला सीए मागतो. जुन्या पिढीचे कोरे स्टॅम्प पेपर सापडतील, शंभराचे, पन्नासाचे, आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमधून छापून आलेले असतील, जीव अडकतो त्यात. पण स्टॅम्प पेपर घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरायचा असतो, त्यानंतर तो चालत नाही, तर त्यावर आडवी रेघ मारून फाडून टाका, कोणाच्या हातात जाऊ देऊ नका.

रद्दीत देताना हेच. आधारची, पॅनची, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स रद्दीत द्यायची नाही, ती भेळेच्या पुड्यापर्यंत पोचते. फाडायचं मशीन घ्यायची गरज नाही. असे कागद बादलीत बुडवून रात्रभर ठेवायचे, मूठभर कपड्याची पावडर टाकायची, सकाळी हातानं चुरडलं की लगदा होतो, तो ओल्या कचऱ्यात. आणि इथून पुढे झेरॉक्स द्यायचीच तर त्यावर तिरकं लिहा, अमुक कामासाठी, तारीख. आधारची तर मास्क केलेली प्रत काढता येते, शेवटचे चारच आकडे दिसतात, बऱ्याच ठिकाणी तेवढीच चालते.

स्कॅनिंगबद्दल सगळे विचारतात. तुमच्या मिस्टरांनाही वाटेल की सगळं मोबाइलवर स्कॅन करून कागद फेकू. असं करू नका आणि स्कॅनिंगनं सुरुवात तर मुळीच करू नका, लोक दोन हजार कागद स्कॅन करतात आणि मग फोनमध्ये ढीग तयार होतो, तो फ्रीजवरच्यापेक्षा वाईट कारण तो दिसत पण नाही. आधी निवडा, मग अ वर्गातले पन्नास-साठ कागद स्कॅन करा, फाइलचं नाव वर्षानं सुरू करा, २०२४ घरपट्टी पावती, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. डिजिलॉकर जरूर वापरा पण त्यात एक फरक आहे तो समजून घ्या. जो कागद खात्याकडून, बोर्डाकडून थेट त्यात येतो, लायसन्स, आरसी, दहावी बारावीची मार्कशीट, तो कायद्यानं मूळ कागदासारखाच धरतात. आपण फोटो काढून चढवलेला मात्र नुसता फोटो, तो चढवला म्हणून मूळ टाकायचं नाही.

ठेवायचं कसं तेही दोन शब्दांत सांगते. लॅमिनेशन करू नका, दाखले, डिग्र्या, स्टॅम्प पेपर काहीच नाही, पुढे परदेशासाठी अटेस्टेशनला वगैरे अडतं आणि खराब व्हायला लागला की काढताही येत नाही. खरेदीखताला पंच मारायचा नाही. टाचण्या, स्टेपल, रबरबँड सगळं काढा, टाचणी गंजली की कागदावर तपकिरी भोक पडतं आणि ते वाढत जातं, रबर वितळून अक्षरावर चिकटतो, सुती दोरा किंवा साधी कागदी पट्टी चांगली. दुकानाची चकचकीत कागदाची बिलं उन्हानं, उष्णतेनं आपोआप कोरी होतात, महत्त्वाचं असेल तर घेतल्या दिवशीच झेरॉक्स. लोखंडी कपाटात भिंतीला लागून पाठीमागे पावसाळ्यात ओल येते, फाइली भिंतीपासून चार बोटं पुढे. डांबरगोळ्या थेट कागदावर नाही, कापडाच्या पुरचुंडीत. आमच्या आजी पोथ्या सुती फडक्यात बांधून त्यात वेखंड ठेवायच्या, अजूनही मला तोच उपाय आवडतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं की आतली ओल आतच राहते.

आणि ट्रंक. जुन्या वाड्यातली म्हणालात म्हणून विचारते, गोदावरीच्या पुरात भिजलेली आहे का? २००८ चा पूर, ४ ऑगस्ट २०१९ चा पूर, सराफ बाजाराच्या बाजूच्या वाड्यांत पाणी आलं तेव्हा लोकांनी ट्रंका वर काढल्या, वाळवल्या न वाळवल्या आणि फ्लॅटमध्ये माळ्यावर ठेवून दिल्या. अशी ट्रंक असेल तर तळाची गड्डी विटेसारखी झालेली असते. ओढून सोडवू नका, पान फाटतं. बाल्कनीत पण उन्हात नाही, पंख्याखाली ठेवा, जी पानं आपोआप सुटतात ती सोडवा आणि मधे कोरे कागद घाला, वर्तमानपत्र नको, त्याची शाई उठते. पुढे कधी घरात पाणी शिरून कागद ओले झाले आणि त्या दिवशी वाळवायला वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, दोन दिवसांत बुरशी धरते ती धरत नाही, मग सावकाश एकेक काढून वाळवा. २०१९ ला एका घरी मी त्यांच्या आइस्क्रीमच्या डब्याच्या जागी त्यांचं वाटणीपत्र ठेवलं होतं, आठ दिवसांनी काढून वाळवलं, आजही वाचता येतं. पांढऱ्या चंदेरी किडी पळाल्या तर ती कसर, ब्रशनं झाडा आणि ट्रंक उन्हात, कागद सावलीत. मोडी लिपीतलं काही निघालं तर कळत नाही म्हणून टाकू नका, पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, त्यामुळे वाचणारे मिळतात, आणि कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून नाशिकमध्येही मोडी वाचून देणारे बरेच झालेत. आधी स्वच्छ फोटो काढून पाठवा, मूळ कागद हातातून सोडू नका.

सासूबाईंचं शेवटी लिहितेय पण खरं तर हेच पहिलं करायचं. त्यांना न सांगता एकही बॅग उघडू नका. त्या चिटोऱ्यांवर त्यांच्या मिस्टरांचं अक्षर आहे. दुधाचा हिशोब लिहिलेलं कॅलेंडरचं पान तुम्हाला ड वाटेल, त्यांना नाही वाटणार, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. एक चांगला स्टीलचा डबा त्यांना द्या, म्हणा यात जे ठेवाल त्याला कोणी हात लावणार नाही, किती ते तुम्हीच ठरवा, डबा भरेपर्यंत. आतापर्यंत ज्या घरी मी असं केलं तिथे आजींनी स्वतःच डब्याबाहेरचं सोडून दिलं, कारण सगळं जाणार ही भीती गेली. पत्रिकांवरच्या गणपतीचं त्यांना वाईट वाटतं, ते चित्र कापून वेगळं ठेवा, आहेराच्या पाकिटावर लावता येतं, उरलेला जाड कागद फाइलीच्या चिठ्ठ्यांना छान. गोदेत मात्र सोडू नका, कागदही नाही आणि चित्रंही नाहीत, हे त्यांना सांगा, पटतं त्यांना.

सुरुवात ट्रंकेनं करू नका, तिथेच अडकाल. या शनिवारी टीव्हीखालचा खण, एक तास, संपला नाही तरी उठायचं. पुढच्या शनिवारी फ्रीजवरचं. मग बॅगा, त्या मिस्टरांनी आणि सासूबाईंनी मिळून, तुम्ही फक्त पाणी आणि पिशव्या द्या. ट्रंक दिवाळीच्या सुट्टीत, नातू घरी असताना. त्यात फोटो निघतीलच. सासूबाईंना मधे बसवा, नातवाच्या हातात पेन्सिल द्या, आजी नावं सांगतील, कोण, कुठलं लग्न, कुठलं साल, ते त्यानं फोटोच्या मागे कडेला हलकं लिहायचं. पेन नको, शाई काही वर्षांनी पुढून उमटते. मऊ पेन्सिल, आणि फोटो पालथा काचेवर ठेवून, म्हणजे दाब पडत नाही.